पिस्तूल शिकायला गेलेली सासू

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी रखमाबाई भोईर पिस्तूल चालवायला शिकायला गेली, आणि तेही कुणाच्या नादाने, तर पोटच्या पोराच्या.

कोलशेतला खाडीकडच्या अंगाला त्यांचं दुमजली घर. एके काळी ओट्यावरून खाडी दिसायची, आता टॉवर दिसतात, आणि त्यातला एक भोईरांच्याच शेतावर उभा आहे. जमीन विकायच्या त्या दिवसांत तिच्या नवऱ्याला, गुणाजीला, रोज धमक्या यायच्या. तेव्हा त्याने लायसन काढून रिव्हॉल्व्हर घेतलेलं. धमक्या देणाऱ्यांतले काही पुढे इलेक्शनला उभे राहिले, काही मेले, रिव्हॉल्व्हर मात्र राहिलं. हळदीला, साखरपुड्याला गुणाजी ते कमरेला लावून जायचा. कुणावर एक गोळी झाडली नाही त्याने. पण भोईरांचं नाव निघालं की गावातली माणसं आपसूक आवाज खाली घ्यायची, आणि रखमाबाईला ते आवडायचं. खोटं कशाला सांगा?

गेल्या श्रावणात गुणाजी हार्ट ॲटॅकने गेला. लायसनवाला गेला म्हणजे हत्यार जमा करा, असा पोलीस ठाण्यातून निरोप आला. मुलाने, सुमितने, ते नेऊन जमा केलं. आता परत आणायचं तर वारसाच्या नावावर नवीन लायसन पाहिजे, आणि सुमितला ते मिळणार नव्हतं. डोंबिवलीच्या एका हॉटेलात त्याने वेटरच्या डोक्यात बाटली फोडलेली, ती केस अजून चालू होती. म्हणून त्याने आईला पुढे केलं.

"तुझ्या नावावर घेऊ. बाबांची निशाणी आहे, घरात राहील."

"मला मेलीला ते धरता तरी येतं का रे?"

"धरायचंय कुणाला? शिकल्याचं सर्टिफिकेट लागतं फक्त. दोन दिवसांचा क्लास आहे. शनिवारी वर्तकनगरला बसून शिकवतात, रविवारी कल्याणच्या पुढे खदानीत फायरिंग. मी नेतो, मी आणतो. तू टेन्शन नको घेऊ."

रखमाबाई चौथीपर्यंत शाळेत गेलेली. अक्षर लावत लावत वाचायची, सही करायची. पण 'मला येत नाही' हे तिने जन्मात कुणापुढे म्हटलं नव्हतं. आणि नवऱ्याची वस्तू चोरांच्या सुऱ्यांशेजारी पोलिसांच्या कपाटात पडलीय, हे तिला झोंबत होतंच. ती हो म्हणाली.

सुनेने, कल्पिताने, ते ऐकलं आणि हातातली पोळी तव्यावर टाकायची राहिली. चार वर्षं झाली होती लग्नाला, मूल नव्हतं. आधीच कमी बोलणारी. पण सासरा गेला त्यानंतरच्या आठ महिन्यांत तिच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं. एकदोनदा तर स्वयंपाकघरात गुणगुणताना सापडली. रखमाबाईने ते पाहिलं आणि सोडलं नाही. "सासरा गेल्याचं सुख बरं मानवलं गो तुला," म्हणाली. कल्पिताने गॅस बारीक केला.

आज मात्र बोलली. "आई, ते आणायलाच पाहिजे का घरात?"

"का? तुझ्या बापाचं आहे?"

कल्पिताने पोळी तव्यावर टाकली.

शनिवारी वर्तकनगरच्या एका हॉलमध्ये अकरा माणसं जमली. एक सोनार, दोन बिल्डरची पोरं, बाकी सिक्युरिटी एजन्सीवाले. बाई एकटी रखमाबाई, नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळं. एक पोरगा दुसऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "आज्जी कुणाला उडवणार रे?"

"आधी तू हास पोटभर," रखमाबाई म्हणाली. "उद्या बघू कुणाचा हात थरथरतो ते."

शिकवणारे ह्युबर्ट सर फौजेतून रिटायर झालेले, उत्तनच्या बाजूचे. गळ्यात बारीक क्रूस, आवाज चढत नाही, पण हॉलमधला पंखा ऐकू यावा इतकी शांतता ठेवणारा माणूस. त्यांनी टेबलावर एक पिस्तूल ठेवलं. शिकवायचं, निकामी केलेलं.

"पहिली गोष्ट. हत्यार रिकामं आहे असं कधीच धरायचं नाही. दुसरी. नळी माणसाकडे करायची नाही. रिकामं असो, मोडकं असो, खेळण्यातलं असो. तिसरी. झाडायचं नसेल तोवर बोट ट्रिगरच्या बाहेर. चौथी. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, ते बघायचं."

मघाचाच पोरगा म्हणाला, "सर, रिकामं असलं तर काय होणार?"

"काही नाही. गोळी सुटणार नाही. पण ते तुला माहीत. नळीच्या पुढच्याला कुठं माहीत असतं? त्याच्यापुरतं ते भरलेलंच."

रखमाबाईने हे ऐकलं, आणि बाकीच्या सगळ्या गोष्टींसारखं तेही पाठ केलं. लिहून घेता येत नाही त्याची आठवण पक्की असते, तिचं तसं होतं. संध्याकाळपर्यंत तिला गोळ्यांचं मॅगझिन काढता येत होतं, वरचा भाग मागे ओढून आत गोळी नाही हे बघता येत होतं. पन्नास वर्षं विळीवर मासळी कापलेली बाई. बोट कुठे असावं आणि कुठे नसावं, हे तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

"मावशी, हात चांगला आहे तुमचा," ह्युबर्ट सर म्हणाले. घरी येईपर्यंत तिने सुमितला ते तीन वेळा सांगितलं.

रविवारी कल्पिताही बरोबर होती. आई गोळ्या झाडते त्याचा व्हिडिओ काढायला पाहिजे, म्हणून सुमितने तिला गाडीत घातलेलं. खदान म्हणजे जुनी दगडाची खाण. तिन्ही बाजूंनी कापलेला काळा कातळ, एका अंगाला मातीचा ढीग आणि त्यापुढे कागदी टार्गेट. अलीकडे पत्र्याची शेड, टेबल, पाण्याचा नळ. बघे लोक पांढऱ्या रेघेच्या मागे.

प्रत्येकाला पाच गोळ्या चहाच्या आधी, पाच नंतर. रखमाबाईचा नंबर आला. कानांवर आवाज अडवणारे जाड टोप लावले, दोन्ही हातांनी धरलं, श्वास अर्धा सोडला आणि दाबलं. खांद्यापर्यंत झटका आला. गोळ्यांचा वास नाकात बसला. पाचपैकी चार काळ्या गोलात. सोनाराच्या पाचही मातीत गेलेल्या.

"कुणाची आई आहे!" सुमित रेघेमागून ओरडला. रखमाबाईने मागे वळून पाहिलं नाही, नळी समोर ठेवूनच पिस्तूल खाली ठेवलं, जसं शिकवलेलं तसं. ऊर मात्र भरून आला. गुणाजी असता तर म्हणाला असता काहीतरी.

मग चहा. ह्युबर्ट सरांनी गोळीबाराची पिस्तुलं पेटीत घालून कुलूप लावलं आणि ते कागद बदलायला ढिगाकडे गेले. टेबलावर फक्त कालचं निकामी पिस्तूल पडलेलं. सुमितने ते उचललं, बोटावर फिरवलं.

"ए कल्पू, माझा पण काढ एक." मग तो तिच्याकडे वळला आणि हात लांब करून नळी तिच्यावर धरली. हसत होता. "स्माईल दे ना!"

रखमाबाई चारच पावलांवर होती, हातात चहाचा कागदी कप. तिने जे पाहिलं ते असं.

कल्पिता दचकली नाही. ओरडली नाही, 'काय हे' म्हणाली नाही. तिने मोबाईल शेजारच्या खुर्चीवर नीट ठेवला. दोन्ही हात पाठीमागे नेले. डोळे मिटले. आणि तोंड उघडलं. औषधाचा चमचा समोर आला की लहान मूल उघडतं, तसं.

"येडी आहेस काय? बंद कर!" सुमित घाईने पुढे झाला आणि तिच्या हनुवटीला धरून त्याने तोंड मिटवलं. आजूबाजूला बघून हसला. "ड्रामा क्वीन आहे हो आमची."

"खाली ठेव ते!" ह्युबर्ट सर ढिगाकडून ओरडले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता.

"सर, डमी आहे."

"मला माहीत आहे डमी आहे. तिला माहीत आहे?"

सुमितने ते टेबलावर टाकलं आणि सिगारेट पेटवत गाडीकडे गेला. पोरांनी आपापले मोबाईल काढले. बघितलं सगळ्यांनी, कळलं किती जणांना देव जाणे. रखमाबाईच्या हातावर चहा सांडला होता आणि भाजल्याचं तिला समजलं नव्हतं.

गुणाजी होता तेव्हा, दर रविवारी. दुपारचं जेवण झालं, गुणाजी आडवा झाला, की सुमित यायचा. "आई, चावी दे. बाबांच्या हत्याराला तेल लावून ठेवतो." रिव्हॉल्व्हर तिच्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात, आणि चावी तिच्या कमरेला. पोरगा बापाच्या वस्तूची एवढी निगा राखतो, याचं तिला कौतुक. गावातल्या बायकांना सांगायचीसुद्धा. मग वरच्या खोलीचं दार लागायचं. अर्ध्या तासाने चावी परत. कधी रडण्याचा आवाज आला नाही, कधी किंकाळी आली नाही. आवाज आला असता तर ती गेली असती वर, असं तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, तोंडात लोखंड असलं तर आवाज कुठून येईल?

आणि ते मूठभर मांस. सासरा गेल्यामुळे नव्हे, कपाट रिकामं झाल्यामुळे चढलेलं.

कल्पिता नळावर तोंड धूत होती. रखमाबाई तिच्या मागे जाऊन उभी राहिली. काय विचारायचं ते तिला जुळवता येईना.

"रविवारी?" एवढंच आलं तोंडातून.

कल्पिताने मान हलवली.

"मला सांगितलं का नाय गो?"

कल्पिताने नळ बंद केला, ओढणीने तोंड पुसलं. "चावी कोण द्यायचं, आई?"

शेडमधून रखमाबाईचं नाव पुकारलं. उरलेल्या पाच गोळ्या.

ती पांढऱ्या रेघेशी उभी राहिली, आणि तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. मी आत्ता 'नको मला लायसन' म्हटलं, तर सुमित 'का नको' विचारणार. खरं कारण सांगितलं, तर आज घरी गेल्यावर या पोरीची हाडं मोडणार. त्यापेक्षा मी नापास झाले तर? म्हातारीला जमलं नाही. पोरं हसतील, सुमित शिव्या घालील, विषय संपेल. रिव्हॉल्व्हर पोलिसांकडेच राहील. चार माणसांत म्हातारी हरली एवढंच होईल, आणि तसं हरायला तिला मरणाहून जड जात होतं, तरी तिने ठरवलं.

पाचही गोळ्या तिने मातीच्या ढिगात घातल्या. टार्गेटच्या हातभर बाजूला. मागून पोरं हसली. "आज्जी थकली!"

ह्युबर्ट सरांनी तिला टेबलाशी बोलावलं.

"आधी चार काळ्यात, आता पाची मातीत. असं कसं मावशी?"

"वय झालं. नापास लिहा."

"नेमाला मार्क नाहीत इथे. नळी कुठे होती, बोट कुठे होतं, हे बघतो मी. पाच गोळ्या मुद्दाम मातीत घालताना पण तुम्ही एक चूक केली नाही." त्यांनी कागद ओढला. "पास."

सुमित शेजारी येऊन उभा राहिलेला. त्याने आईच्या खांद्याभोवती हात टाकला.

अजून एक उपाय होता. एक साधी चूक. टेबलावर ठेवलेलं पिस्तूल उचलून नुसतं मागे वळायचं, नळी माणसांकडे करायची, की सरांनी तिला जन्मभरासाठी हाकललं असतं. पण ते धरायचं कुणाकडे? मागे नळापाशी कल्पिता उभी होती. रखमाबाईचा हात उचलला गेला नाही.

"शेवटचा प्रश्न," ह्युबर्ट सर म्हणाले. "हा सरकारी कागदावर नाही. मी माझ्या मनाने विचारतो, आणि जे उत्तर येईल ते माझ्या सहीने सर्टिफिकेटला जोडतो. घरात असं कुणी आहे का, ज्याच्या हाताला हत्यार लागू नये?"

"नाही सर, कुणी नाही," सुमितच बोलला. "आई, नाही म्हण."

भोईरांच्या घरातली गोष्ट आजवर ओट्याखाली उतरली नव्हती. धाकट्या जावेचा हात मोडला, तेव्हा ती न्हाणीत घसरली असं अख्ख्या गावाला रखमाबाईनेच सांगितलेलं, आणि हात मोडणाऱ्या दिराने तिचे पाय धरलेले. घर असंच राखायचं असतं, असं ती म्हणायची. सगळ्यांना सांगायची.

सोनार बघत होता. ती दोन पोरं बघत होती.

"आहे," रखमाबाई म्हणाली. "हा. माझा मुलगा. सुमित गुणाजी भोईर. बायकोच्या तोंडात नळी घालतो. दर रविवारी, दार लावून. चावी मी द्यायची. तेही लिहा."

सुमितचा हात तिच्या खांद्यावरच होता. तो घट्ट झाला. "उन्हाने डोकं फिरलंय हिचं," तो हसत म्हणाला. "सर, शुगर आहे आईला."

"हात काढ," रखमाबाई म्हणाली.

त्याने काढला.

ह्युबर्ट सरांनी पेनचं टोपण काढलं. "मावशी, हे मी लिहिलं की पुढे जाईल. पोलीस घरी येतील, विचारतील. मागे घेता येणार नाही."

"मला लिहिता येत नाय म्हणून तुम्हाला सांगते. नायतर मीच लिहिलं असतं."

त्यांनी लिहिलं, आणि वाचून दाखवलं. कागदावर ते चारच ओळींचं झालं होतं. रखमाबाईने एकेक अक्षर लावत खाली सही केली.

"गाडीत बसा दोघी," सुमित म्हणाला.

कुणी बसलं नाही. कल्पिता नळापाशीच उभी होती. ह्युबर्ट सर उठून तिच्या आणि सुमितच्या मधे जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. सुमितने आईकडे पाहिलं. तो लहान असताना खाडीत बुडता बुडता वाचला होता, तेव्हा असाच बघत होता. पोरगा तो तिचाच होता.

"तू मेलीस मला," तो म्हणाला आणि गाडी काढून गेला. खदानीतली धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

सरांनी रिक्षा बोलावून दिली. कल्पिताचं माहेर डोंबिवलीला, ती तिकडेच जाणार होती. रस्ताभर दोघींच्या मधे कल्पिताची पर्स होती.

"सकाळपासून काय खाल्लं नाय तू," रखमाबाई म्हणाली.

कल्पिता बाहेर बघत राहिली. कल्याण मागे पडलं, मेट्रोच्या कामाचे पत्रे सुरू झाले, रिक्षा अडकली.

"आज का बोललात?" तिने अचानक विचारलं. "लोकांनी बघितलं म्हणून?"

"मी बघितलं म्हणून."

"घरी नसतं दिसलं?"

"घरी दार लावलेलं असायचं."

"दार वाजवता येतं, आई."

रखमाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

डोंबिवलीला जिन्यापाशी कल्पिता उतरली. वाकून पाया पडली नाही, आणि रखमाबाईने त्याची वाट पाहिली नाही. "वर या" असंही ती म्हणाली नाही. दोन पायऱ्या चढून मात्र थांबली.

"तुम्ही घरी जाणार?"

"दुसरीकडे कुठं जाऊ?"

"तो मारेल तुम्हाला."

"माहीत आहे."

कल्पिता क्षणभर उभी राहिली, मग चढून गेली. वर कुठेतरी दार उघडल्याचा आवाज आला, एका बाईचा "अगं, अशी अचानक?" आणि दार लागलं.

रिक्षावाला ठाण्याला यायला तयार होईना. एवढ्या लांब नाही परवडत, म्हणाला. रखमाबाई उतरून नाक्यावर उभी राहिली. ऊन कलत आलेलं. पिशवीत फोन वाजला. तो सुमितचाच होता.

"कल्पिता कुठाय?"

"तिच्या आईकडे."

"घेऊन ये तिला."

"नाय आणत."

तिकडे टीव्ही चालू होता. बाटली ग्लासाला लागल्याचा आवाज तिला ओळखू आला.

"मग तू ये," तो म्हणाला. "तू ये फक्त घरी."

"येते. आधी पोलीस ठाण्यात जाणार आहे. तुझ्या बापाचं रिव्हॉल्व्हर सरकारात कायमचं जमा करायचा अर्ज द्यायचाय. वारस म्हणून माझी सही लागेल ना, ती करते. तुला माझ्याशी बोलायचं असलं तर तिथं ये. हवालदारासमोर बोलू."

तिकडून नुसता श्वास. मग अगदी हळू, लहानपणी ताप चढल्यावर म्हणायचा तसं, "आई," म्हणाला.

रखमाबाईने डोळे मिटले. एरवी ती तेवढ्या एका शब्दावर विरघळली असती. याच शब्दावर तिने दर रविवारी चावी काढून दिली होती.

"तिथं ये," ती म्हणाली आणि फोन बंद केला. पुढून रिकामी रिक्षा येत होती. तिने हात केला.